दार इतकं रुंद कशाला?

विमा कंपनीच्या सर्व्हेअर बाईंनी टेपचं एक टोक घरमालकिणीच्या नवऱ्याच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि बेडरूमच्या दाराची रुंदी मोजली. मग पुन्हा मोजली.

"तीन फूट. जुन्या नकाशात अडीच आहे."

"हिची हौस," नवरा म्हणाला. "दार रुंद असलं की घर मोठं दिसतं म्हणे."

तिने पाण्याचा ग्लास उगाच या हातातून त्या हातात घेतला. घर मोठं दिसण्याची थाप तिचीच होती आणि दोन महिने ती बिनबोभाट खपली होती. खरं कारण परगावी, नणंदेच्या तिसऱ्या मजल्यावर व्हीलचेअरमध्ये बसून होतं. मागच्या वर्षी पडल्यापासून सासऱ्यांचं चालणं थांबलं होतं. नणंदेच्या इमारतीला लिफ्ट नाही. वर्षभरात ते दोनदा खाली उतरले, तेही चौघांनी उचलून.

पण बापलेकाचं बोलणं अकरा वर्षं बंद, तिच्या लग्नाच्याही आधीपासून. तिने सासऱ्यांना पाहिलं होतं ते फोटोत आणि ऐकलं होतं ते नवऱ्यापासून लपवून केलेल्या फोनवर. आधी घर तयार करायचं आणि मग विषय काढायचा, असा तिचा बेत होता. तयार घराला नाही म्हणणं त्याला जड जाईल, अशी तिला आशा होती.

मध्येच विमा कंपनीचं पत्र आलं. भिंती पाडणार असाल तर आम्हाला कळवा, नाहीतर काम चालू असताना घराचं काही झालं तर भरपाई मिळणार नाही. पत्रापाठोपाठ या बाई आल्या. बाईंना पगार बहुधा प्रश्नांवर मिळत असावा. उंबरा कुठे गेला, बाथरूमची पायरी का काढली, दिव्यांची बटणं इतकी खाली का?

"बदलांचं कारण काय लिहू?"

"हौस लिहा," नवरा म्हणाला.

"हौसेने कुणी उंबरे काढत नाही हो. उद्या काही झालं आणि कारण खोटं निघालं, तर कंपनी सरळ हात वर करेल. घरात कुणी व्हीलचेअरवर आहे का? की येणार आहे?"

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. तिने हातातला ग्लास खिडकीत ठेवून दिला. खरं सांगावं तर इथेच भडका उडणार आणि सासरे कायमचे तिसऱ्या मजल्यावर राहणार.

"बरं, आधी बाथरूम बघून घेऊ," बाई म्हणाल्या. आत गवंडी फरशीच्या फटी भरत होता. बाई वाकून बघत, बोलत बोलत लिहू लागल्या. "कमोडशेजारी आधाराचा दांडा. डावीकडे."

"उजवीकडे," तिच्या तोंडून निघून गेलं. "मी उजवीकडे बसवायला सांगितला होता."

दांडा डावीकडेच होता. उजवीकडच्या भिंतीत बुजवलेली चार भोकं होती, सिमेंट अजून ओलसर.

"अहो, हे काय करून ठेवलंत?" तिने गवंड्याला विचारलं.

"साहेबांनीच हलवायला लावला," गवंडी मान वर न करता म्हणाला. "काल तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा."

ती वळली. नवरा टेप गुंडाळण्यात गढून गेला होता आणि टेप काही केल्या नीट गुंडाळली जात नव्हती.

"माझे वडील राहायला येणार आहेत," तो बाईंना म्हणाला. "लिहा तसं. डावखुरे आहेत ते."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि सवयीने पुढचा प्रश्न विचारला.

"कधीपासून?"

"ते हिला विचारा," तो म्हणाला. "मला अजून कुणी सांगितलेलं नाही."