सर्जेराव बोलतोय

सर्जेराव वारल्याला चार महिने होत आले, तरी गावाला पाणी सुटल्याचं तेच सांगत होते.

त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पाणी सोडताना ग्रामपंचायतीच्या संगणकावरून घरोघर आपोआप फोन जायचा, आणि त्यात त्यांचा आवाज भरून ठेवलेला होता: "सर्जेराव बोलतोय. पाणी सोडलंय. हंडे भरा, नळावर भांडू नका." त्यांच्या जागी व्हॉल्व्ह आता म्हाळू फिरवायचा, पण आवाज बदलायचं कुणाला सुचलं नाही. सुचलंच असतं तर त्यांच्या मुलीला, आम्रपालीला, कारण संगणकावर तीच बसायची. बटण तीच दाबायची, आणि मग स्वतःचा फोन वाजला की कानाला लावून शेवटपर्यंत ऐकायची.

त्या दिवशी भर दुपारी तिनं बटण न दाबताच गावभर फोन वाजले. बाया हंडे घेऊन नळावर आल्या. नळ कोरडा. फोन पुन्हा वाजले, पुन्हा वाजले. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेल्यांनाही सर्जेरावांनी फडातून हंडे भरायला बोलावलं. बायांनी म्हाळूला टाकीखाली घेरलं.

"आवं, मी न्हाई सोडलं!"

"मग सर्जेराव कावून सांगायला लागलाय?" म्हातारी दगडाबाई म्हणाली. "मेलेला माणूस खोटं बोलंल व्हय?"

इकडे आम्रपालीच्या पडद्यावर इंग्रजी मजकूर आला होता: मशीन आमच्या ताब्यात आहे, पैसे द्या, सोडतो. तिनं आधी नेटची वायर उपसली, तेव्हा कुठं फोन थांबले. मग सरपंच विजयसिंहांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून वाचल्यासारखं केलं.

"कुठल्या गावचे हायेत?"

"दादा, कुठलेही असतील. परदेशातले असतील."

"असू दे की. माणूस हाय म्हणजे पाव्हणेरावळे असणारच. सोयरीक काढा, चहाला बोलवा, बसून मिटवू."

भावकीचे, बांधाचे, पळून गेलेल्या पोरापोरींचे कितीतरी तंटे सरपंचांनी चहावर मिटवले होते. समोरच्याचं गाव कळल्याशिवाय बोलणी सुरू कशी करायची, हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला होता.

"हे मिटवता येत नाही, दादा. असा हल्ला झाला की सहा तासांच्या आत वर सायबरवाल्यांना कळवायचं असतं, आणि मशीनला हात लावायचा नसतो. अंबाजोगाईच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. तुम्हीपण होतात."

"होतो की. जेवण लई चांगलं होतं. पण ते नियम मोठ्या शहराला."

"ग्रामपंचायतीलाही आहेत. पाणीपुरवठ्याला तर आहेतच."

सरपंचांनी चष्मा काढला. "मग त्यात पासवर्ड काय होता, ते बी लिवावं लागतंय का?"

खरं दुखणं हे होतं. पासवर्ड म्हणून त्यांनी हौसेनं आपल्या जीपचा नंबर ठेवायला लावला होता, आणि तो नंबर जीपच्या पुढं, मागं आणि दोन्ही बाजूंना रंगवलेला होता.

तेवढ्यात केजहून पप्पू आला. संगणक त्याच्याच दुकानातून घेतलेला. "कशाला बोभाटा, दादा? सगळं पुसून कोरं करतो. सांजच्याला मशीन चालू, कुणाला पत्ता न्हाई." मग तो आम्रपालीकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, पुसायच्या आधी डिस्क काढून तात्यांचा आवाज पेनड्राइव्हवर देतो. वर कळवलं तर मशीन घेऊन जातील. ते लोक परत आणून देत्यात व्हय?"

घरात तात्यांचे, तिच्या वडिलांचे, दोन फोटो होते. आवाज मात्र एवढाच. त्यांचा स्वतःचा फोन साधा, बटणांचा. त्यात काहीच साठलं नव्हतं. आम्रपालीनं त्याच्या हातातल्या पेनड्राइव्हकडे पाहिलं. बोटाएवढी वस्तू.

मागं एकदा मुख्य पाइप फुटला होता. तेव्हाही सरपंच म्हणाले होते, वरून ट्रक गेला म्हणून सांगा. तात्या गल्लोगल्ली फिरून सांगत सुटले, "पाइप माझ्याच टिकावानं फुटलाय. पाणी येणार न्हाई. शिव्या आत्ताच द्या." लोकांनी दिल्याही. रात्री ते पोटभर जेवले होते.

"पप्पू, ते खिशात ठेव," आम्रपाली म्हणाली.

"अगं, तुझ्याच बापाचा आवाज हाय," सरपंच म्हणाले.

"म्हणूनच, दादा. त्यांच्या तोंडून गावाला खोटं सांगितलंय कुणीतरी."

तिनं आपल्या फोनवरून अहवाल भरला. हल्ला प्रथम कसा लक्षात आला, या रकान्यात ती लिहिणार होती, मयत कर्मचाऱ्यानं फोन केला. मग तिनं सरळ भाषेत लिहिलं. पासवर्डपुढं लिहिलं, जीपचा नंबर. जीप कुणाची, हे कुणी विचारलं नव्हतं. सरपंचांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

थोड्या वेळानं वरून साहेबांचा फोन आला. मशीन तसंच ठेवा, आमचा माणूस न्यायला येईल. मात्र त्या खोट्या कॉलचं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल तर नमुना लगेच पाठवा.

आम्रपाली नळावर गेली. बाया अजून हटल्या नव्हत्या.

"रेकॉर्डिंग आहे का गं कुणाकडे?"

दगडाबाईनं कमरेची पिशवी चाचपून मोठा फोन काढला. "नातवानं दिलाय. समदं आपोआप साठतंय यात. बंद कसं करायचं मला येत न्हाई."

आम्रपालीनं दुपारचा कॉल लावला. "सर्जेराव बोलतोय. पाणी सोडलंय." आणि त्यावरच दगडाबाईचा आवाज: "सोडलंस व्हय? परवाचं पिवळं होतं, मेल्या. तिकडं तरी वेळेवर जेवतोस का?"

बाया हसायला लागल्या.

"आजी, ते मशीन आहे."

"मला ठाऊक न्हाई व्हय? म्हणून काय उत्तर देऊ न्हाई?"

आम्रपाली हसली, आणि मग ओढणीनं बराच वेळ तोंड पुसत राहिली. नमुना साहेबांना पाठवायच्या आधी तिनं तो स्वतःच्या फोनवर घेतला. दगडाबाईच्या शिव्यांसकट.

संध्याकाळी साहेबांचा पुन्हा फोन. "मॅडम, नमुन्यात एक बाई दटावतेय. हल्लेखोरांपैकी आहे का?"

"नाही, साहेब. त्या आमच्या दगडाबाई."

"आणि पहिला आवाज?"

"पाणीपुरवठ्याचे सर्जेराव."

"त्यांचा जबाब मिळेल का?"

"तो पाठवलाय ना, साहेब," ती म्हणाली. "हंडे भरा, नळावर भांडू नका."

बाहेर म्हाळूनं पाणी सोडलं होतं, आणि नळावर भांडण जुंपलं होतं.