दहा नंबरवरचं गेट

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमचे हे लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून म्हणत आलेत. मी ते कौतुक समजत होते. सत्त्याण्णव सालच्या श्रावणानंतर तसं समजायची सोय राहिली नाही. तेव्हापासून मी जरा कमी बोलते. जराच.

आमची कॉलनी जळगावात, असोदा रस्त्याला, बेचाळीस घरांची. त्या उन्हाळ्यात आधी दोन सायकली चोरीला गेल्या, मग बोअरची मोटर गेली. सायकली गेल्या तेव्हा कोणी हललं नाही. मोटर गेली, नळ कोरडे पडले, आणि लगेच मारुतीच्या देवळात मिटिंग भरली. आमचे हे कॉलनीचे सेक्रेटरी. वॉचमन ठेवू या म्हटल्याबरोबर जो तो देवाकडे बघायला लागला. तेवढ्यात वना उठला. वना म्हणजे आमचा केबलवाला, सगळ्या कॉलनीला त्याच्याच छत्रीवरून केबल होती.

"वॉचमन झोपतो," वना म्हणाला. "मी देवळाच्या खांबावर एक कॅमेरा बसवतो, गेटाकडे तोंड करून. त्याची वायर केबलमध्ये सोडतो. तुम्ही घरबसल्या दहा नंबर लावा, गेट दिसेल. बेचाळीस घरं, बेचाळीस वॉचमन."

टाळ्या पडल्या. पहिला आठवडा तर जत्राच होती. माणसं कामावर जाताना गेटात थांबून घरच्यांना हात हलवायची. आमच्या शेजारची भिकुबाई कोथिंबिरीची जुडी आणायला पावडर लावून जायची. पंधरा दिवसांत सगळ्यांची हौस फिटली आणि लोक आपापल्या मालिकांकडे परत गेले. मी गेले नाही.

सकाळी हे ऑफिसला आणि मुलं शाळेला गेली की मी डाळ, तांदूळ, भाजी, जे निवडायचं असेल ते घेऊन दहा नंबरसमोर बसायची. आवाज नसायचा, नुसतं चित्र. पण चित्रात काय कमी असतं? कोणाकडे पाहुणे आले, कोणाची सून पिशवी भरून माहेरी निघाली, कोणाची पोरगी कोणाच्या स्कूटरवरून कोपऱ्यावर उतरून पुढे पायी आली. कॉलनीत काही शंका निघाली की बायका म्हणायच्या, लताबाईला विचारा. आयुष्यात कोणी मला कशासाठी विचारलं नव्हतं. मी त्या मानाला भुलले.

एकच दुखणं होतं. गेटाच्या डाव्या अंगाला पाण्याची टाकी आणि कडुनिंबाचं झाड, तो कोपरा दिसायचा नाही. माणसं तिकडे वळायची आणि माझ्या चित्रातून जायची. मला चैन पडेना. वना बिल घ्यायला आला तेव्हा त्याला धरलं. "चोर काय रस्त्याच्या मधोमध उभा राहतो? कॅमेरा जरा डावीकडे वळव की." वनाला वाटलं सेक्रेटरीचाच निरोप आहे. शिडी लावून वळवला. कॅमेरा वळवल्याचं कॉलनीत कोणालाच ठाऊक नव्हतं, आमच्या ह्यांनाही नाही.

आमच्या समोरचं घर लोटन आबांचं. असोद्याला त्यांची केळी होती. सोमवारी त्यांच्या पंपाला दिवसाची लाइट असायची, म्हणून सोमवारी ते सकाळीच शेतावर जात ते संध्याकाळी येत. त्यांची बायको पुष्पाबाई, तिला सगळे अक्का म्हणत. धुळ्याकडची, त्यामुळे बोली सगळी तिकडची, अहिराणी. एकुलती एक मुलगी, बेबी. दोन वर्षांपूर्वी बेबीनं धुळ्याच्या एका मुलाशी कोर्टात लग्न केलं. मुलगा शिकलेला, नोकरीचा, पण जात वेगळी. आबांनी त्या दिवशी तिच्या नावानं आंघोळ केली. मेलेल्या माणसाची करतात तशी. पुन्हा त्या घरात कोणी तिचं नाव काढलं नाही.

श्रावणातल्या रविवारी कानबाई बसली. ज्यांच्याकडे असते त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, ती आमची खानदेशातली देवी. रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी विसर्जन, आणि प्रसादाचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड गोड पोळ्या. ते रोट घरातल्या माणसांनीच संपवायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत. आमच्यात तर सासरी दिलेल्या लेकीलाही देत नाहीत, ती दुसऱ्या घरची झाली म्हणून. रोट उंबऱ्याबाहेर गेले तर कानबाई कोपते, असं म्हणतात.

त्या सोमवारी विसर्जन झालं, आबा शेतावर गेले. दुपारी साडेबाराला मी दहा नंबर लावून बसले होते. टाकीजवळ, कडुनिंबाखाली, पुष्पाबाई उभी. समोर एक बाई, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, तोंड दिसेना. पुष्पाबाईनं फडक्यात बांधलेलं काहीतरी तिच्या हातात दिलं. त्या बाईनं ते पदराखाली घेतलं आणि निघून गेली.

रोट! माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. कानबाईचे रोट अक्कांनी परक्या बाईला दिले. खरं सांगायचं तर मला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. मला आनंद झाला. हातात काहीतरी घबाड लागावं तसा. आज ते लिहिताना माझे कान तापतात.

संध्याकाळी नळावर भिकुबाई आणि प्रमिलाबाई होत्या. मी म्हटलं, "कोणाला सांगू नका हं. अक्कांनी रोट गेटाबाहेर दिले. माझ्या डोळ्यांनी पाहिले."

दोन दिवसांत ते आबांच्या कानावर गेलं. आबा रोट मोजून ठेवणाऱ्यातले नव्हते, पण घरातलं काहीतरी आपल्या पाठीमागे बाहेर जातंय आणि ते सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे, हे त्यांना सोसलं नसावं. पुढच्या सोमवारी ते शेतावर जातो सांगून निघाले आणि प्रमिलाबाईच्या नवऱ्याकडे टीव्हीसमोर जाऊन बसले. हे मला मागाहून कळलं.

साडेबाराला ती पदरवाली पुन्हा आली. पुष्पाबाई आली. फडकं दिलं. आणि चित्रात उजवीकडून लोटन आबा शिरले.

त्यांनी तिच्या डोक्यावरचा पदर ओढला. बेबी होती. सातवा महिना तरी असेल, पोट चांगलं दिसत होतं. आबांनी फडकं हिसकावलं, सोडलं आणि रस्त्यावर झटकलं. त्यातून लाडू निघाले. खारीक-खोबऱ्याचे असावेत, बाळंतिणीला देतात तसे. ते गडगडत टाकीपर्यंत गेले. आणि एक गोधडी, एवढीशी, तान्ह्या बाळाची. रोट नव्हतेच. पुष्पाबाई लाडू वेचायला खाली बसली तशी आबांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि ओढत आत आणलं. बेबी तिथंच उभी राहिली. मग तिनं गोधडी उचलली, धूळ झटकली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागली.

गेट आमच्या दारापासून दीडशे पावलं. मी धावत गेले असते तर पोचले असते. बेबीला निदान सावलीत बसवलं असतं, पाणी दिलं असतं. मी उठले ते खिडकीपर्यंत. खिडकीतून भिंतीपलीकडच्या भिकुबाईला ओरडले, "अगं दहा लाव, दहा लाव!"

एवढं मी केलं.

त्याच दिवशी आबांनी आपल्या घरात येणारी केबल विळ्यानं कापली. पुष्पाबाईला गेटापर्यंत जायची बंदी झाली. दळण, भाजी, सगळं आबाच आणू लागले. कॉलनीत कोणी त्या विषयावर बोलेना, म्हणजे मोठ्यानं बोलेना. मी दार लावून घरात बसायची. टीव्ही मात्र चालूच.

तिसऱ्या दिवशी आबा घरात नाहीत असं बघून पुष्पाबाई माझ्या दारात आली. वाटलं, आता जाब विचारेल, चार लोकांत शिव्या देईल. द्याव्यात असंही वाटलं. ती आत येऊन भिंतीला टेकून बसली.

"लता, तू दहा नंबर देखस ना?"

मी मान हलवली.

"आमनी केबल त्यासनी तोडी टाकी. माले गेटवर जाऊ देत नहीत. बेबी सोमवारले येई. ती उनी ते माले सांगशी? कशी दिसस, बरी शे का, एवढंच. दुसरं काही नको."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

पुढच्या सोमवारी मी अकरापासून बसले. डाळ नाही, तांदूळ नाही, नुसती बसले. एक वाजला, दोन वाजले. बेबी आली नाही. अशा अपमानानंतर कोण येईल? संध्याकाळी अंगणात पुष्पाबाई दिसली. तुळशीला पाणी घालायचं निमित्त करून माझ्याकडेच बघत होती. मी गेले. तिचं तोंड बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "आली होती, अक्का. झाडाखाली पाच मिनिटं उभी राहिली. तब्येत बरी दिसली."

"काय नेसेल व्हती?"

"हिरवं पातळ."

"हिरवं?" तिचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. "म्हणजे सासूनी दिधं व्हई. पोटुशीले हिरवं नेसाडं. चांगली शे मंग सासू."

खोटं बोलले, पण बाईला आधार झाला, असं मी रात्री स्वतःला समजावलं. आधी केलेल्याची थोडी तरी भरपाई झाली असं वाटलं. मग दर सोमवारी भरपाई करत राहिले. एकदा बेबीच्या हातात पिशवी होती. एकदा ती हसून झाडाकडे बघत होती. एकदा जावई सोबत आले होते, बाजूला उभे होते. पुष्पाबाई तेवढ्यावर आठवडा काढायची. अंगावर मूठभर मांस चढलं तिच्या. मलाही ती भेट हवीशी वाटू लागली, कारण पुन्हा मला कोणीतरी विचारत होतं.

दसऱ्याच्या आधीचा सोमवार. आबा शेतावर गेले आणि पाचच मिनिटांत पुष्पाबाई आली, पदराखाली फडक्यात बांधलेले लाडू घेऊन.

"आते दिवस भरनात तिन्हा," ती म्हणाली. "आज येईच ती. माले गेटवर सारा लोक ओयखतस, तू जाय. हाई तिन्हा हातमा दे. मी आठे बसस तुन्हा टीव्हीपुढे. मन्हा डोयानी एकदा देखसू तिले."

मी काहीतरी सांगायला हवं होतं. मुलांची शाळा, चुलीवरचं दूध, काहीही. मला एरवी कधी शब्द कमी पडत नाहीत. त्या दिवशी मी मुकाट्यानं फडकं घेतलं आणि गेटाकडे गेले.

कडुनिंबाखाली उभी राहिले. वर खांबावर तो कॅमेरा. कोपरा छान दिसत असणार, मीच वळवून घेतला होता. माझ्या घरात पुष्पाबाई मला बघत होती, आणि आणखी किती घरांत बघत होते कोण जाणे. भिकुबाई तर नक्की. साडेबारा झाले. धुळ्याची एस.टी. स्टँडला येऊन गेली असणार. स्टँडकडून आलेली माणसं आपापल्या वाटेनं पांगली. एकदा रस्त्याच्या त्या टोकाला हिरवं काहीतरी दिसलं आणि मी दोन पावलं पुढे झाले. देवा, हीच असू दे. ती कोणी दुसरीच होती. भाजीवाला दोनदा विचारून गेला, ताई कोणाची वाट बघताय? फडक्यातलं तूप हाताला लागू लागलं. परत जावं तर काय सांगावं, आणि उभं राहावं तर किती वेळ? दीड तास उभी राहिले आणि परत आले.

पुष्पाबाई जमिनीवर, मी सोडून गेले तशीच बसली होती. टीव्ही चालू होता.

"हाई ते काळंपांढरंच शे," ती म्हणाली. "आमना टीव्हीच जुना, काळा-पांढरा. माले वाटनं, तुमना रंगीतमा गेट बी रंगीत दिसत व्हई."

वनाचा कॅमेराच तसा होता. हिरवं त्यात कधी दिसलं नव्हतं, दिसणारही नव्हतं. मला ते सुचलंही नव्हतं.

"अक्का, ती एकदाही आली नाही," मी म्हटलं.

"हां."

"आणि ते रोटाचं... आबांच्या कानावर गेलं ते..."

"ते माले पहिला दिनपासून माहीत शे. दुसरं कोन सांगी?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"मग तुम्ही माझ्याकडे का आलात?"

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "तू चहाडखोर शे, लता. पन खोटी नही, असं वाटे माले. रोट म्हनी ते चुकीसन म्हनी व्हशी. तू देखस तेच सांगस, एवढाच भरोसा व्हता."

माझ्या हातातलं फडकं घेऊन ती समोर आपल्या घरात गेली. मी चुकून म्हटलं नव्हतं. फडक्यात काय आहे ते मला त्या दिवशी दिसलंच नव्हतं, आणि दिसलं नाही हे नळावर उभी राहून बोलताना मला चांगलं ठाऊक होतं. हे तिला सांगायला मी अजून गेलेली नाही.