माझ्या पाठीवरच्या रेघा

मी एक जुना, फुटका टाइलचा तुकडा आहे. मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा. माझी एक बाजू गुळगुळीत आणि चकचकीत आहे, दुसरी खरबरीत. मित्रांनो, माझे नशीब उघडले ते या खरबरीत बाजूमुळे.

भट्टीतून निघालो तेव्हा मी अख्खा होतो. माझ्यासारखे शेकडो होते. सगळ्यांच्या तोंडावर पांढरी चकाकी आणि पाठ कोरडी. पाठीला कोण विचारतो? तिने सिमेंट धरून जन्मभर अंधारात राहायचे. पण मोरीच्या भिंतीला बसवताना मी गवंड्याच्या हातून सटकलो. "गेली!" एवढेच तो म्हणाला आणि त्याने दुसरी टाइल उचलली. माझे तुकडे राडारोड्यात जाऊन पडले.

तिथून मला बाईंनी उचलले. बाई शाळेत विज्ञान शिकवत. गल्लीतली मुले त्यांना मागून 'दगडबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते. त्या मला घेऊन घरी आल्या तेव्हा त्यांचे यजमान शिवणयंत्रावर बसले होते. ते शिंपी. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"घरात दगड काय कमी होते, म्हणून आता भिंतीही आणायला लागलीस?"

"भिंत नाही हो, फळा आहे," बाई म्हणाल्या.

आणि खरेच, मी फळा झालो. दर रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती मुले जमत. टेबलावर बाईंचे आठ दगड असत. बाई सांगत, "दगडाच्या रंगावर जाऊ नका. रंग फसवतो. दगड याच्या पाठीवर घासा आणि रेघ कुठल्या रंगाची उठते ते बघा. रेघ खोटं बोलत नाही." मग कोणीतरी काळा, लोखंडासारखा चमकणारा दगड माझ्यावर घासायचे आणि रेघ उठायची विटकरी लाल! पोरांचे डोळे विस्फारत. सोन्यासारखा पिवळाजर्द दगड घासला की काळीकुट्ट रेघ. "गेलं सोनं!" सगळी एका सुरात ओरडत.

बाकीचे साहित्यही घरातलेच. नख, खिळा, काचेची बाटली, व्हिनेगरचे थेंब. लोहचुंबक मात्र यजमानांचे. खाली पडलेल्या टाचण्या गोळा करायला ते लागायचे, आणि दर रविवारी नेमके जागेवर नसायचे. "माझं चुंबक दगडांना दिलंस, आता टाचण्या काय मी पायाने शोधू?" ते आतून ओरडत. मुले खुदकन हसत. बाईंचा नियम एकच होता, पण कडक: दगडाला जीभ लावायची नाही. कुठलाही असो.

रविवारमागून रविवार गेले. माझ्या पाठीवर इतक्या रेघा ओढल्या गेल्या की मी मोजणे सोडून दिले. पाठ भरली की बाई ओल्या पॉलिशपेपरने मला घासत आणि मी पुन्हा कोरा होई.

मग बाई आजारी पडल्या. रविवार बंद झाले. आणि एके दिवशी बाई गेल्या. मी दगडांबरोबर पत्र्याच्या डब्यात होतो. झाकण कितीतरी महिने उघडले नाही.

ते उघडले ते यजमानांनी. त्यांची नात, म्हणजे लेकीची मुलगी, सुट्टीला येणार होती. ती त्यांना आबा म्हणे, आणि आधीच्या सुट्ट्यांत ती रविवारी टेबलाशी बसलेली होती. डबा तिला द्यायचा, असे बाई शेवटच्या दिवसांत सांगून गेल्या होत्या. आबांना वाटले, बायकोची वस्तू पोरीच्या हाती जायची तर स्वच्छ जावी. त्यांनी आठही दगड एका तसराळ्यात पाणी भरून भिजत घातले. साबण नाही, काही नाही. दोन दिवस. मग एकेक दगड मऊ कापडाने असा पुसला, जणू लग्नातल्या कोटाची बटणेच. शिंप्याचा हात तो! दगड चकाकले. पण प्रत्येक दगडाला डिंकाने चिकटवलेली चिठ्ठी सुटून पाण्यावर तरंगत होती.

बाई पेन्सिलीने लिहीत, म्हणून अक्षर शाबूत राहिले. आबांनी चिठ्ठ्या न वाचताच वर्तमानपत्रावर वाळत घातल्या आणि ते डोक्याला हात लावून बसले. कुठली चिठ्ठी कुठल्या दगडाची? सगळा जन्म तिच्या शेजारी काढला, पण रविवारी ते टेबलाशी कधी बसलेच नव्हते.

नात आली तेव्हा त्यांनी सगळे कबूल केले. "तुझ्या आजीचा डबा मी नासवला गं."

"नासवला कसला? आपण ओळखू या की. फळा कुठंय?"

तिने मला बाहेर काढले. माझ्या पाठीवर बाईंच्या हातच्या शेवटच्या रेघा तशाच होत्या. नात पॉलिशपेपर शोधू लागली तशी आबा म्हणाले, "नको. कडेला जागा आहे तेवढ्यात भागव." ती कडेकडेने घासू लागली.

लाल रेघेचा दगड मिळाला. खोट्या सोन्याची काळी रेघ मिळाली. आणखी एका काळ्या दगडाला आबांचे चुंबक टपकन चिकटले. पापुद्रे निघत होते ते अभ्रक. उरलेल्यांतले दोन पांढरे दगड मात्र अगदी सारखे दिसत. नातीने दोन्हीवर खिळ्याने ओरखडून व्हिनेगरचा थेंब टाकला. एकावर बारीक बुडबुडे फसफसले, तो कॅल्साइट. दुसरा ढिम्म. माझ्यावर घासला तर रेघ उठेना, उलट मलाच चरा गेला. ती गारगोटी. मला तिचा राग नाही. खरे सांगायचे तर इतक्या महिन्यांनी कोणी चरा पाडतेय, याचेच मला बरे वाटले.

सातवा दगड आबांनी हातात घेतला, नखाने खरवडला, बोटांवर चोळला आणि त्यांचा चेहराच बदलला. "अगं, हा तर माझा खडू! कापडावर खुणा करायचा. हाच बुळबुळीतपणा!"

चिठ्ठीवर लिहिले होते: 'शंखजिरे. यांचा खडू याचाच.'

आबांनी ती चिठ्ठी स्वतःच्या हाताने त्या दगडाखाली ठेवली.

आता दगड संपले होते आणि एक चिठ्ठी उरली होती. नातीने डबा उपडा केला, टेबलाखाली पाहिले, आणि मग चिठ्ठी मोठ्याने वाचली. "मीठ. मोठा खडा. पाण्यापासून लांब ठेवणे."

आबांनी चिठ्ठी तिच्या हातून घेतली आणि पुन्हा वाचली.

"आधी वाचायला हवं होतं," ते म्हणाले. "ती एवढं लिहून गेली, आणि मी तिचा खडा आपल्या हातानं विरघळवला."

"आबा, पाणी कुठंय? ओतलंत?"

"मोरीत आहे. गाळ बसला की कुंड्यांना घालणार होतो. तुझ्या आजीची शिस्त."

नात धावत सुटली. तसराळे जागेवर होते. आबांनी अस्तराच्या कापडाची दुहेरी घडी करून पाणी गाळले, दोन पसरट ताटांत ओतले आणि ताटे गच्चीवर उन्हात ठेवली. पहिला आठवडा नुसते पाणी. दुसऱ्या आठवड्यात कमी पाणी. आबा रोज जाऊन बघत आणि तसेच खाली येत. सुट्टी संपायला दोन दिवस उरले होते तेव्हा ताटाच्या तळाशी काहीतरी चमकले.

"चाखून बघू?" आबांनी विचारले.

"आबा! आजीचा नियम!"

तिने भिंग आणले. बारीक बारीक चौकोनी खडे होते, कोपरे कातरीने कापल्यासारखे सरळ. आबांनी पाहिले. पुन्हा पाहिले. मग भिंग खाली ठेवून त्यांनी डोळे पुसले आणि ते हसले. "एवढी नीट कापणी मलाही जमली नसती."

ते मीठ झाकणाच्या बाटलीत भरले आणि वर बाईंचीच चिठ्ठी लावली. आबांनी जाड कापडाची आठ कप्प्यांची गुंडाळी शिवली आणि नववा कप्पा माझ्यासाठी शिवला. एका फुटक्या तुकड्यासाठी मापाने शिवलेली जागा! गवंड्याच्या हातून निसटलो, बाईंच्या नजरेला पडलो, आबांच्या मापात बसलो. मी आणखी काय मागावे?

सुट्टीतल्या शेवटच्या रविवारी नातीने गल्लीतली मुले बोलावली. आबा पहिल्यांदाच टेबलाशी बसले. एका मुलीने काळा दगड उचलला, पण माझ्या पाठीवर आता तसूभरही जागा नव्हती. नातीने आबांकडे पाहिले. आबांनी पॉलिशपेपर ओला केला, मला मांडीवर घेतले आणि बाईंच्या रेघा हळूहळू स्वतः पुसल्या. मग मला त्या मुलीपुढे ठेवून म्हणाले, "ओढ."

मित्रांनो, कोणी मागे ठेवलेली वस्तू साफ करण्याआधी तिच्यावरची चिठ्ठी वाचा. आणि मग ती वस्तू कपाटात कोंडू नका, वापरा. रेघा पुसल्या जातात, त्याचे मला दुःख नाही. माझ्या पाठीवर नवी रेघ ओढली जाते तेव्हा बाई शिकवतच असतात.