चावी फिरवा

नळ दुरुस्त करणारे पैशाला पासरी मिळतात. ज्याच्या तोंडाचा वॉशर शाबूत आहे असा मिळणं कठीण. हे शहाणपण तिला फार महागात पडलं होतं. मागच्या नळवाल्याने मोरीतली गळती थांबवली आणि चहा पिता पिता तिचा नवा पत्ता चार लोकांत सांडला. त्या चौघांत तिचा नवरा होता. त्याला सगळे पैलवान म्हणत. कुस्ती मात्र तो फक्त घरात, बायकोशीच खेळला होता. पत्ता मिळाल्यावर तो आला, तिचा डावा हात चौकटीत धरून त्याच्यावर दार आपटलं आणि जाता जाता मोरीतल्या बेसिनला अशी लाथ घातली की ते भिंतीतून निखळलं. हात प्लास्टरमधून बाहेर आला होता. बेसिनचा पाइप अजून फडक्याने बांधलेला होता आणि खालची बादली सारखी भरत होती.

घरात ती आणि तिची म्हातारी आई, दोघीच. ती कपडे शिवायची, आई बटणं लावायची. दाराला आतून नवं कुलूप बसवलं होतं. चावी कुलपातच असायची आणि आईला सक्त ताकीद होती, "मी सांगितल्याशिवाय चावी फिरवायची नाही!" आईला कमी ऐकू यायचं. हे एकच वाक्य रोज ओरडून तिचा घसा बसला होता.

म्हणून नवा नळवाला तिने जावई पारखावा तसा पारखला. पहिल्याला विचारलं, "याआधी कुणाकडे काम केलंत?" तर त्याने पुढच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंचा नवरा कुठे झोपतो इथपासून सुरुवात केली. त्याला तिने उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. दुसरा होता पिकल्या मिशांचा मिस्त्री.

"याआधी कुणाकडे काम केलंत?"

"एक गीझर होता."

"कुणाचा?"

"ते लक्षात ठेवत नाही, ताई. लोकांच्या घरातलं मी बघत नाही, ऐकत नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. तिने दार उघडून त्याला आत घेतलं आणि पुन्हा कुलूप लावलं.

मोरीत शिरल्या शिरल्या मिस्त्रीने विचारलं, "चावी कुठे आहे?"

तिने वळून दाराच्या कुलपाकडे पाहिलं. "कसली चावी? तुम्हाला कशाला हवी?"

"पाण्याची हो. ती बंद केल्याशिवाय पाइप कसा सोडू?"

तिला हसू आलं. किती दिवसांनी आलं कोण जाणे! या घरात त्या चावीला कॉक म्हणत. तो स्वयंपाकघरात ओट्याखाली होता. तिने तो बंद केला. "नवा पाइप बसला की हाक मारतो," मिस्त्री म्हणाला, "मग चावी फिरवा." ती ओट्यापाशी बसून राहिली. आई बाहेरच्या खोलीत बटणं लावत होती. तिच्या कानावर यातलं काहीच गेलं नाही.

मग दारावर थाप पडली. दुसरी पडली. तिसरी थाप नव्हतीच, लाथ होती.

"उघड गं. नुसतं बोलायचंय."

तो आवाज ओळखायला तिला कान लागत नव्हते. मोडलेल्या हातालाच तो कळला. ती कॉकवर हात ठेवून दगडासारखी बसली. श्वाससुद्धा घेईना. मोरीत मिस्त्रीची ठोकाठोक चालली होती, त्याला दारावरचं काही ऐकू गेलं नाही. त्याचं काम झालं. "चावी फिरवा!" तो म्हणाला. तिचा हात हलला नाही. तेव्हा तो घर दणाणून सोडत ओरडला, "अहो, ऐकलं का? चावी फिरवा!"

ते आईने ऐकलं. जन्मभर घरातल्या बाप्यांनी ओरडून सांगितलं की म्हातारी उठली होती. आताही उठली. मांडीवरची बटणं घरभर सांडली. तिने दाराची चावी फिरवली.

"आई, नको!" ती किंचाळत धावली, पण दार उघडलं होतं. पैलवानाने सासूला ढकललं तशी म्हातारी शिवणयंत्राच्या कोपऱ्यावर जाऊन आदळली. कपाळ फुटलं. त्याने बायकोची वेणी धरली आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. "माझ्यापासून कुलपाआड लपतेस?" मोडून जुळलेला हात त्याने शोधून पकडला आणि पिळला.

मिस्त्री मोरीच्या दारात आला. हातात पाना होता, हातभर लांब, लोखंडी.

"मिस्त्री," पैलवान धापा टाकत म्हणाला, "नवरा-बायकोचं आहे. तुम्ही आपलं काम करा."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं, म्हातारीच्या कपाळाकडे पाहिलं. मग मान खाली घालून तो मोरीत परत गेला.

घरातलं बघत नाही, ऐकत नाही. असाच माणूस तिने पारखून आणला होता! त्या क्षणी नवऱ्याचाही आला नसेल इतका तिला त्या मिस्त्रीचा राग आला. तिने झटका दिला. वेणीतले केस मुळासकट त्याच्या मुठीत राहिले आणि ती मोरीत जाऊन पडली.

"द्या तो इकडे," ती म्हणाली आणि मिस्त्रीच्या हातातून पाना ओढून घेतला. त्याने सोडला.

पैलवान दारातून आत वाकला होता. पहिला घाव तिने गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज ओळखीचा होता, पण या वेळी तो तिच्या अंगातला नव्हता. पैलवान कोसळला. दुसरा घाव मनगटावर, वेणी धरली होती त्याच. मग ती मोजत बसली नाही. तो आई गं म्हणाला, तरी तिने मारलं. तिचं नाव घेऊन रडला, तरी मारलं.

"ताई, बास! मरेल तो!"

ती थांबली ती दया आली म्हणून नव्हे. दुखरा हात उचलेना म्हणून थांबली.

शेजारी जमले, कुणीतरी पोलिसांना बोलावलं. पोलीस आत आले तेव्हा ती आईच्या कपाळावर पदर दाबून बसली होती. मिस्त्री लगबगीने पुढे झाला. "लादीवर पाणी होतं, साहेब. पाय घसरला याचा."

"नाही," ती म्हणाली. "मी मारलं. आणि त्याआधी काय झालं ते मिस्त्री सांगतील. मी किती वेळा सांगितलं, सगळे म्हणतात घरातलं घरात मिटवा."

"ताई, मी लोकांच्या घरातलं..."

"तुम्ही पाहिलंत."

म्हातारीचं रक्त पदरातून झिरपत होतं, सांडलेल्या बटणांवर ठिबकत होतं. मिस्त्रीने ओले हात पँटला पुसले.

"चावी फिरवा, असं मीच ओरडलो," तो म्हणाला. "म्हातारीने दार उघडलं. याने तिला ढकललं, हिला भिंतीवर आपटलं. मी मोरीच्या दारात उभा राहून पाहिलं. पाना माझ्या हातात होता. आणि मी परत आत गेलो. साहेब, तेही लिहून घ्या."