जीव घाबरते, मानूस नाई

मी नळी. डॉक्टर छातीवर लावतात ती. उभा जन्म ऐकण्यात गेला; आज बोलणार आहे, आणि माझं संपेस्तोवर कोणी मधे तोंड घालू नये. भल्याभल्यांच्या छातीत काय काय चालतं ते मी ऐकलेलं आहे, तेव्हा माझ्यापुढे फार ताठ बसायचंही कारण नाही.

जन्म माझा विलायतेतला. मुंबईच्या एका दुकानात काचेआड धूळ खात पडले होते, तिथून अकोल्याच्या मोरोपंत वकिलांनी मला आपल्या लेकीसाठी आणलं. लेक अनसूया, नागपुराहून डॉक्टरी शिकून आलेली. जुन्या शहरातल्या बाया तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "मंगळसूत्र घालायच्या वयात गळ्यात रबर घालून फिरते वं माय!"

अनसूया म्हणायची, "हे तुटलं तर सांधता तरी येतं."

आणि तुटलंच. वऱ्हाडचा उन्हाळा विलायती रबराला थोडाच मानवतो! पहिल्याच वैशाखात मला भेगा पडल्या. अनसूयेने सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणून मला जोडलं. तेव्हापासून माझे कान विलायती आणि आतडं अकोल्याचं. लाज कसली त्याची? ऐकू पहिल्यापेक्षा बरंच येऊ लागलं.

जर्मनीची लढाई नुकतीच संपली होती. बसऱ्याकडून, फ्रान्साकडून वऱ्हाडची माणसं परत आली होती. त्यांच्यासाठी मोरणा नदीच्या काठी एक सरकारी दवाखाना उघडला होता, पण तिथला डॉक्टर मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. त्याच्या जागी यायला एकही पुरुष तयार होईना. पलटणीतली माणसं म्हणे शिव्या देतात, दारू पितात, औषध सांगितलं तर ऐकत नाहीत. मग सरकारला एकाएकी बाई चालली. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. एखादं काम कोणालाच नको झालं, की ते बायकांना छान जमतं असा शोध लागतो.

पहिल्या दिवशी बाकावर बसलेले शिपाई बाई पाहून उठले आणि दाराकडे निघाले. एकजण म्हणाला, "डाक्तर येईन तवा येऊ आमी."

"डॉक्टर आलेली आहे," अनसूया म्हणाली. "सदरा काढ."

तो लाजून लाल झाला. बाईमाणसापुढे सदरा काढायचा! तेव्हा पुंजाराम हवालदार, एक हात लढाईत ठेवून आलेला म्हातारा, बाकावरूनच गरजला, "काबे, तोफेपुढं छाती काढली न? मंग बाईपुढं कावून लाजून राहिला? तिच्या हाती नळी हाये, संगीन नाई!"

सगळे हसले. सदरा निघाला. आणि मी कामाला लागले.

काय काय ऐकलं म्हणून सांगू! तापाने पोटातली पाणथरी वाढलेली माणसं, तोफांनी कान गेलेली माणसं. एकाला तर काही दुखत नव्हतं. पण जिनिंग कारखान्याचा भोंगा वाजला की तो बाकाखाली जाऊन पालथा पडायचा. बाकीचे हसायचे नाहीत. अनसूयेने त्याला सांगून ठेवलं, "तू भोंगा होऊन गेल्यावर येत जा." आणि तो आत आला की पहिले पाणी, मग विचारपूस. औषध असं काही दिलं नाही, पण तो येत राहिला.

तिची एक रीत होती. "काय होतं?" असं ती कधी विचारायचीच नाही. शिपायाला विचारलं की तो म्हणतो "काई नाई." म्हणून ती विचारायची, "विहिरीवरून पाणी आणतोस? मधे कुठे थांबतोस?" त्यावर माणूस खरं बोलतो.

अशातच जानराव आला. अंजनगावाकडचा कुणबी, धिप्पाड गडी, बसऱ्याला लढून आलेला. गावात मान होता त्याला. पोळ्याला त्याच्या बैलजोडीला जागा सोडायचे. बरोबर बायको, मैनाबाई.

"शेतावर चालत जातोस?"

"जातो बाई. पर नाल्यापाशी बसा लागते."

"का बरं?"

"जीव घाबरते."

अनसूयेने मला त्याच्या छातीवर ठेवलं. निरोगी काळीज दोन ठोके देतं आणि मधे गप्प असतं. जानरावचं गप्प नव्हतं. दोन ठोक्यांच्या मधे फुस्स असा आवाज, लोहाराच्या भात्याला चीर गेल्यावर येतो तसा.

"गोठ्याचं कवाड नीट लागलं नाही तर ढोरं माघारी फिरतात ना?" अनसूया त्याला म्हणाली. "तुझ्या काळजाचं एक कवाड नीट लागत नाही. रक्त माघारी फिरतं. थेंब देते, ते घे. मीठ कमी कर. नांगर धरू नकोस, आणि चढ तर चढूच नकोस."

"बरा होईन न?"

"नाही होणार. पण सांभाळलंस तर पुष्कळ जगशील."

मैनाबाईने पदर तोंडाला लावला. जानराव मात्र हसला. "खरं बोलते ही बाई," तो म्हणाला.

थोड्याच दिवसांत काबूलकडे पुन्हा लढाई पेटली आणि घरी आलेल्या शिपायांना परत बोलावणी येऊ लागली. जानरावला तपासणीसाठी अमरावतीला हजर राहायचा हुकूम आला. तो एकटाच गेला. तिथे पलटणीचा डॉक्टर असलेला गोरा मेजर, आणि दुभाषी म्हणून पुण्याहून नवाच आलेला कमलाकांत नावाचा तरुण. मेजरने सदऱ्यावरूनच छातीवर दोन बोटं ठोकली. कमलाकांतने विचारलं, "काय होतं तुला?"

"काई नाई. चाललो का जीव घाबरते."

झालं. कमलाकांतने इंग्रजीत सांगितलं, "चालायचं म्हटलं की हा घाबरतो."

जानरावला इंग्रजी येत नव्हतं. मेजर का हसला हे त्याला गावी गेल्यावर कळलं. हुकूम चावडीवर वाचला गेला, सगळ्या गावासमोर: प्रकृती ठणठणीत, माणूस भित्रा, पलटणीत हजर व्हावे.

त्यानंतर पोरं त्याच्या मागून "भेव्या, भेव्या" ओरडत फिरू लागली. मोठी माणसं ओरडत नव्हती. ती नुसती रस्ता बदलत होती. ते जास्त वाईट.

जानराव दवाखान्यात आला तो वळकटी बांधूनच. "रामराम घ्या बाई. पलटणीत चाललो."

"वेडा आहेस? त्या डोंगरात दोन चढ चढलास की संपलास."

"संपलो तं संपलो. भेकड म्हनून कावून जगू?"

मागे मैनाबाई रडत होती. अनसूयेने त्याला बसवलं. "मेजरपुढे काय बोललास? अक्षरन् अक्षर सांग."

त्याने सांगितलं. ती आधी मोठ्याने हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा असा झाला की पुंजाराम हवालदारसुद्धा बाकावरून उठून उभा राहिला.

"सोड ती वळकटी," ती म्हणाली. "मैनाबाई, तुम्हीही चला."

अमरावतीच्या त्या बंगल्यात आम्ही शिरलो तेव्हा पट्टेवाला आडवा आला. अनसूयेने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मेजरला तिने इंग्रजीत सांगितलं की मी या माणसाची डॉक्टर, आणि तुमच्या हुकुमात भाषांतराची चूक आहे. चूक म्हटल्यावर कमलाकांतच्या अंगाला झोंबलं.

"बाई, मी शब्दाला शब्द दिला आहे. घाबरणे म्हणजे भिणे. कोशात बघा."

"तुमचा कोश वऱ्हाडात कधी आला होता?"

"अशुद्ध बोलायचं यांनी, आणि दोष दुभाष्याला!"

आता मैनाबाईला राहवेना. पदर सावरून ती पुढे झाली. "काहो भाऊ, पोटुशी बाई सकाळी उठली का तिचा जीव घाबरते. थे काय वाघ पाहून येते?"

 आणि तोपर्यंत भिंतीशी उभा असलेला जानराव, पलटणीत शिकवलेली ताठ कवायत करून, मेजरसमोर उभा राहिला.

"साहेब, मी घाबरत नाई. जीव घाबरते. मी येगळा, जीव येगळा."

"याचं करा आता इंग्रजी," अनसूया म्हणाली. कमलाकांतला होईना. तिने स्वतः केलं.

मेजर काही दुष्ट नव्हता. त्याला चूक मान्य करायची नव्हती, एवढंच. तो म्हणाला, ठीक आहे, आपण असं लिहू की याचं मन कमकुवत झालं आहे. लढाईने होतं असं. पलटणीतून सुटका मिळेल. तुम्ही खाली सही करा.

सही केली की जानरावचा जीव वाचत होता. मी अनसूयेच्या गळ्यात होते. तिचं काळीज कसं धडधडत होतं ते मलाच ठाऊक. तिचा हात टाकाकडे गेला. पण तिने आधी जानरावला सगळं मराठीत सांगितलं, काही न लपवता.

"म्हन्जे पुन्हा भेकडच न?"

"हो. पण जिवंत."

"मंग मी पलटणीत चाललो."

"सई करा बाई!" मैनाबाई ओरडली. "ह्यायचं आयकू नका! लोकं काय म्हनतीन ते माह्यं मी पाहून घेईन!"

"मैने, तू पाहून घेशीन. माह्यानं नाई पाहवत."

 मला दोघांचंही पटत होतं, आणि त्याचाच राग येत होता. एका माणसाला जीव आणि नाव यांतलं एक निवडायला लावणारा हा मेजर कोण?

अनसूयेने टाक ठेवला. मला गळ्यातून काढलं आणि मेजरपुढे धरलं. "सही करते. पण आधी तुम्ही ऐका. ऐकून तुम्ही मनाचा रोग म्हणालात, तर तुमच्या शब्दाखाली माझं नाव."

"माझी नळी आहे माझ्याजवळ."

"मागच्या वेळी कुठे होती?"

 मेजरचे कान लाल झाले. त्या लाल कानांत मी गेले. जानरावने सदरा काढला.

ऐका, मी बाई आहे म्हणून सांगत नाही, पण त्या दिवशी मी काही हातचं राखलं नाही. ती फुस्स, तो माघारी फिरणारा प्रवाह, सगळं जसंच्या तसं नेऊन त्या कानांत ओतलं. मेजरने जानरावला पुढे वाकायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. कुशीवर वळवून पुन्हा ऐकलं. मग मला काढून हळूच मेजावर ठेवलं.

माफी मागितली नाही. कमलाकांतला एवढंच म्हणाला, "लिहा, हृदयविकार."

"आणि आधी लिहिलेला शब्द?"

"खोडा."

नवा हुकूम त्याच चावडीवर वाचला गेला. जानरावने तो पुन्हा वाचायला लावला, आणि "भेव्या" म्हणणाऱ्या पोरांना पुढे बसवून पुन्हा एकदा.

अनसूयेची नोकरी पुढल्या पावसाळ्याआधीच गेली. बाईंच्या बोलण्यात अदब नाही, असं कारण कळवलं होतं. ती नसतेच तिच्या बोलण्यात, कळवायला कशाला हवं? तिने वडिलांच्या ओसरीवर दवाखाना मांडला. दुसऱ्या दिवशी पुंजाराम हवालदार दोघांच्या डोक्यावर बाक देऊन हजर, आणि मागे शिपायांची रांग. सरकारी दवाखान्यातलं बाक होतं ते. विचारायला कोणी आलं नाही.

जानराव जगला. किती ते मोजू नका. कापसाचे बरेच हंगाम पाहिले त्याने. एका दुपारी आपल्याच खाटेवर, मैनाबाईच्या हातचं पाणी पिऊन तो गेला. ती सांगायला आली तेव्हा रडली नाही. मान वर करून म्हणाली, "बाई, खांदा द्यायले गाव भांडलं."

आता दुसरी लढाईही होऊन गेली. ब्रह्मदेशातून आलेली माणसं त्याच बाकावर बसतात. अनसूयेचे केस पांढरे झाले, कान मंदावले. नवी नळी आली आहे, चकचकीत. मी खुंटीला आहे. रबर सुकून कडक झालं आहे. परवा कोणी शहाणा म्हणाला, हिला काचेच्या कपाटात ठेवा, शोभेल.

खबरदार! काचेआड मी एकदा राहिले आहे. शोभेची मी नाही. पोरांच्या हाती द्या, एकमेकांची छाती ऐकू देत. तुटले तर तुटले. आणि तुम्ही डॉक्टर असा, साहेब असा, दुभाषी असा, माणूस बोलला की लगेच शब्द धरून बसू नका. वाका जरा, कान लावा.

मी नळी आहे. माझ्यातून आवाज छातीकडून कानाकडे जातो. कानवाल्यांचा हुकूम छातीकडे मी कधी नेला नाही, आणि आता म्हातारपणी तर मुळीच नेणार नाही.