उमसुनायच्या मधाची बरणी

माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे आणि बुडाशी हवेचा एक बुडबुडा कायमचा अडकून बसलेला आहे. टवका नंतरचा, बुडबुडा जन्मापासूनचा. लिटरभर मापाची जाड काचेची बरणी, यापलीकडे माझी ओळख नाही, मित्रांनो. कारखान्यातून माझ्याबरोबर निघालेल्या बहिणी कुठे कुठे फुटल्या असतील, देव जाणे. मी मात्र इसिक-कुल सरोवराच्या काठच्या एका गावात कासिमालीच्या घरी आले आणि आजवर टिकले.

कासिमाली मधमाश्या पाळायचा. उन्हाळ्यात पेट्या घेऊन वरच्या कुरणांवर जायचा आणि उतरताना लोण्यासारखा पांढरा, घट्ट मध घेऊन यायचा. त्याची बायको उमसुनाय त्यातला पहिला मध माझ्यात भरायची. पाहुणे आले की मला चादरीवर मधोमध ठेवायचे, रोटीचा तुकडा बुडवायचे आणि म्हणायचे, "असा मध अख्ख्या खोऱ्यात नाही." कौतुक मधाचं असायचं, पण फुगायचे मी. खोटं कशाला बोलू?

मग कासिमालीला हाडांचं दुखणं लागलं. डॉक्टर म्हणाले, हे बरं होणारं नाही. पेट्या पुतण्याकडे गेल्या. माझ्यात उमसुनायने बटणं आणि दोऱ्याची रिळं भरली. दोन वर्षं मी फळीवर धूळ खात होते आणि कासिमाली गोधडीचा काठ दातात धरून पडलेला असायचा. गोळ्या होत्या, पण त्या घेतल्या काय नि न घेतल्या काय, सारखंच.

बाजारात कुणीतरी उमसुनायच्या कानात सांगितलं की भांगेचा मध करून दे, दुखणं विसरेल. आमच्याकडे भांग कुणी लावत नाही. तुमच्याकडे गाजरगवत माजतं तशी ती पाटाच्या कडेला आपोआप माजते. उमसुनायने आयुष्यभर ती मुळासकट उपटून फेकली होती. तो पाला हातावर चोळणाऱ्या टारगट पोरांना तिने काठी घेऊन पिटाळलं होतं. आता तीच बाई ओढणीआड पाला लपवून घरी आणत होती. चुलीमागे तिने तो वाळवला, लोण्यात शिजवून गाळला, पुतण्याने दिलेल्या मधात मिसळला, बटणं काढून माझ्यात ओतला आणि मला कोमट पाण्यात उभं करून ढवळत बसली. मध हिरवट झाला. मला स्वतःकडे बघवेना.

कासिमालीने पहिला चमचा जिभेवर ठेवला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"हे काय आहे ते मला कळतंय बरं का," तो म्हणाला.

"कळतंय ना? मग गप खा."

"म्हातारपणी बायकोने नशेला लावलं म्हणायचं."

त्या दिवशी तो दुपारभर झोपला. उमसुनाय उशाशी बसून रडली. रोज चमच्याच्या टोकाएवढा मध, बास. मग मला घट्ट झाकण लावून ती लाकडी पेटीत गोधड्यांच्या खाली ठेवायची. माझ्यावर तिने चिठ्ठी लावली नाही. चिठ्ठीवर लिहिणार तरी काय? घरात नुरजात ही नवी सून येऊन महिना झाला होता. मुलगा शहरात कामाला. सुनेलाही उमसुनायने काही सांगितलं नाही. सासरा भांग खातो, हे नव्या सुनेला कोणत्या तोंडाने सांगायचं, असं तिला वाटलं.

शेजारी बुरुल राहायची. ती उमसुनायला एजे म्हणायची, म्हणजे थोरली ताई. एका दुपारी बुरुलने गरम बोर्सोक, म्हणजे पिठाचे तळलेले फुगीर तुकडे, वाडगाभर दिले आणि आपल्या चार वर्षांच्या बेगिमायला पाठवलं. उमसुनाय दवाखान्यात गोळ्या आणायला गेली होती. नुरजातने बोर्सोक काढून घेतले आणि रिकामा वाडगा हातात धरून उभी राहिली. आमच्या गावात शेजारणीचा वाडगा रिकामा परत जात नाही. त्यातून नव्या सुनेच्या हातून गेला, तर वर्षभर बायकांना बोलायला विषय झाला. घरात सफरचंद नाही, साखर नाही. पीठ कसं द्यायचं? शोधता शोधता तिने पेटी उघडली आणि मी सापडले.

"बघा, आपांनी चांगला मध कसा दडवून ठेवलाय," ती स्वतःशीच म्हणाली. आपा म्हणजे सासू. "रंग वेगळाच आहे. डोंगरी फुलांचा असणार."

तिने तीन डाव मध वाडग्यात ओतला. बेगिमायने दारातच बोट बुडवून चाटलं आणि गेली.

उमसुनाय आली. पेटी उघडी दिसताच तिने मला उचलून उजेडात धरलं.

"नुरजात, यातला मध कुणी काढला?"

"मीच, आपा. बुरुलताईंचा वाडगा रिकामा कसा देऊ? तुमचीच लाज राखली."

उमसुनायने दार लोटून घेतलं. मग सुनेला तिने सगळं सांगितलं, एकेक शब्द ओढून काढावा तसं. नुरजातचा चेहरा पांढरा पडला. उमसुनाय चप्पल घालून दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. खरं बोललं तर पोलीस येतील. मध जाईल आणि कासिमाली पुन्हा गोधडी चावत पडेल. गाव तोंडावर हसेल. मी तिच्या हातात होते, मला तिच्या बोटांचा घाम लागत होता.

"तू जा," ती सुनेला म्हणाली. "मध खराब झालाय म्हणावं, आणि वाडगा घेऊन ये."

नुरजात वाडगा घेऊन आली. त्यात निम्माच मध होता.

"बेगिमायने रोटीशी खाल्ला म्हणे. झोपलीय. आपा, बुरुलताई म्हणाल्या की पोरगी अवेळी झोपत नाही कधी."

"झोपेल आणि उठेल," उमसुनाय म्हणाली. हे ती सुनेला सांगत होती की स्वतःला, ते मला आजही ठाऊक नाही.

पोरगी उठली नाही. ऊन उतरलं तेव्हा बुरुलच्या घरातून हाका ऐकू आल्या, मग दिराची गाडी आली, आणि बुरुल मान टाकलेल्या मुलीला छातीशी धरून तालुक्याच्या इस्पितळाकडे गेली. उमसुनाय खिडकीच्या पडद्यामागून बघत होती. बाहेर गेली नाही.

आतून कासिमालीने हाक मारली. भिंती पातळ होत्या, त्याने सगळं ऐकलं होतं.

"उमसुनाय, मला दुखू दे. तू जा."

"तुला पुन्हा तसं..."

"माझं दुखणं माझं आहे. त्या पोरीचं माझ्या माथी मारू नकोस. ती बरणी घे आणि जा."

दुधाच्या गाडीत बसून आम्ही दोघी गेलो. इस्पितळात पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. मेंदूज्वर असेल म्हणून डॉक्टरीणबाईंनी बेगिमायच्या पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं होतं. इवल्याशा पाठीवर कापूस चिकटवलेला होता. उमसुनायने मला टेबलावर ठेवलं.

"तिने हे खाल्लंय. यात भांग आहे. मी केलंय."

डॉक्टरीणबाईंनी झाकण काढून वास घेतला.

"कधी खाल्लं?"

"दुपारी. जेवणाच्या वेळी."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तासाभरात."

डॉक्टरीणबाई पुढे काही विचारत बसल्या नाहीत. परिचारिकेला हाका मारत त्या पोरीकडे धावल्या. बुरुल भिंतीला टेकून उभी होती. तिने आवाज चढवला नाही.

"तू मध खराब झालाय म्हणून निरोप पाठवलास, एजे. मी म्हटलं, थोडं पोट बिघडेल. मी तिला झोपू दिलं."



बेगिमाय दुसऱ्या दिवशी दुपारी उठली आणि पाणी मागितलं. ती वाचली, मित्रांनो, काळजी करू नका. पण कित्येक महिने कुणी पाठीला हात लावला की ती किंचाळायची. पोलीस आले, कागद झाले, मला ते घेऊन गेले. हिवाळ्यानंतर मी परत आले, उकळत्या पाण्याने धुतलेली. डॉक्टरीणबाईंनी कासिमालीला इंजेक्शनं लिहून दिली होती. ती कधी मिळायची, कधी संपलेली असायची. संपायची तेव्हा तो ओरडायचा, पण मध मात्र त्याने पुन्हा मागितला नाही. वसंतात तो गेला.

आता मी खिडकीत उभी असते. रागावलेली नाही मी, पण ती दुपार मनातून जातही नाही. मुलांनो, कोणत्याही भांड्यात काय आहे ते मोठ्यांना विचारल्याशिवाय तोंडात घालू नका. आणि तुमच्या हातून किंवा घरातून काही चुकलं, तर त्याच क्षणी सांगा. ओरडा बसेल, बसू दे. त्या दुपारी बेगिमायला काय झालंय हे गावात आमच्या घरच्या तिघांना आणि मला माहीत होतं. मला बोलता येत नव्हतं. त्या तिघांना येत होतं.