कमरेचं माप

टेलरमास्तरांच्या कमरेवर उजवीकडे फोडांची रांग उठली आणि शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याने निदान करून टाकलं. "मास्तर, ही नागीण. तोंड शेपटीला टेकलं की खेळ खलास."

आता त्याचं वैद्यकीय ज्ञान इस्त्रीपुरतंच. पण मास्तर हादरले. रोज सकाळी शर्ट वर करून टेप लावू लागले. सोमवारी सहा इंच, मंगळवारी आठ, बुधवारी साडेनऊ. कंबर चाळीस. म्हणजे उरलेले दिवस बोटांवर मोजण्याएवढेच.

नातीचा कोट तेवढा पुरा व्हायला हवा होता. पोर सहा वर्षांची. मास्तरांनी शिवणीत सगळीकडे तीन-तीन इंच माया ठेवली, म्हणजे आपण नसलो तरी उसवून वाढवता येईल. शिवताना डोळे भरून यायचे.

बायकोने कोट उचलून पाहिला. "अहो, हा कोट आहे की गादी? आणि सकाळी कंबर कसली मोजता?"

मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही. चपला घालून म्हणाली, "चला दवाखान्यात."

डॉक्टरीणबाईंनी फोड पाहिले. "लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

"झाल्या होत्या."

"तेच विषाणू इतकी वर्षं मणक्याजवळ झोपले होते. आता जागे होऊन एका नसेवरून निघालेत." मास्तरांच्या गळ्यातली टेप घेऊन त्यांनी ती मणक्यापासून बेंबीपर्यंत धरली. "नस इथेच संपते. डाव्या बाजूची नस वेगळी. विळखा पुरा होतच नाही."

"मग नागीण का म्हणतात?"

"रांग सरपटत पुढे जाते म्हणून. परक्या भाषांतही तिला कुणी सरपटणारी म्हटलं, कुणी कमरपट्टा. नाव रूपावरून पडलं. तोंड-शेपटीचं लोकांनी पदरचं घातलं. वेळेत आलात, गोळ्या चुकवू नका."

परतताना मास्तरांनी लॉन्ड्रीवाल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुकानात शिरले, कोट उसवला, कात्री घेतली आणि माया एका इंचावर आणून ठेवली.

"अहो, काय करताय?" बायको म्हणाली. "पोर वाढती आहे. पुढच्या वर्षी तोकडा होईल."

"होऊ दे की," मास्तर म्हणाले. "पुढच्या वर्षी मी नवा शिवेन."